मुंबई ते जेद्दा : साडेतीन हजार किलोमीटर, सव्वापाच तास

हजचे अर्ज भरायचे दिवस आले की ईटमध्ये माझ्याकडे दोन प्रकारची माणसं येतात. काहींना अर्ज भरून हवा असतो. काहींना नुसतं विचारायचं असतं. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणारा मास्तर म्हणजे याला सगळं माहीत असणार, असा गावाचा समज आहे. मीही तो फारसा मोडत नाही.

मागे असेच एक चाचा आले होते. शेतकरी, वय सत्तरीच्या आसपास, गुडघ्यांनी बेजार. म्हणाले, "मास्तर, विमानात किती वेळ बसावं लागतं? पाय लांब करता येतात का?" मी मोबाईलवर बघून सांगितलं, मुंबईहून जेद्दा सव्वापाच तास. ते हसले. म्हणाले, "म्हणजे ईटहून मुंबईला जायला लागतो त्याच्यापेक्षा कमीच की."

त्यांचा हिशोब बरोबर होता. इथून एसटीने किंवा ट्रॅव्हल्सने मुंबई म्हणजे अख्खी रात्र. जेद्दा त्याहून जवळ. चाचा गेले आणि मी मात्र त्या आकड्यापाशी अडकून बसलो. सव्वापाच तासांच्या या वाटेवर आमच्या मुलखातल्या माणसांनी महिने घालवलेत, काहींनी वर्षं घालवलीत, आणि काहीजण बंदरावरूनच परत फिरलेत. अंतर तर सगळ्यांना एकच होतं.

आधी ते अंतर नीट समजून घेऊ. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि जेद्दा साडेएकवीसवर. म्हणजे जेद्दा आपल्याला जवळजवळ नाकासमोर पश्चिमेला, थोडंसं उत्तरेकडे. विमानतळ ते विमानतळ, पृथ्वीच्या गोलाईवरून सर्वात जवळची रेघ ओढली तर ३,५२० किलोमीटरच्या आसपास भरते. अरबी समुद्र, मग ओमान किंवा अमिराती, मग सौदी वाळवंट, मग तांबडा समुद्र. विमान ताशी ८५० किलोमीटरने उडतं असं धरलं तर चार तास दहा मिनिटं व्हायला हवीत. पण विमान नाकासमोरच्या रेघेवरून जात नाही, ठरवून दिलेल्या हवाई वाटांनी जातं. चढायला-उतरायला वेळ लागतो. आणि उंचावरचा वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. म्हणून जाताना पाच-सव्वापाच तास आणि येताना बऱ्याचदा साडेचारच. हाजी लोक म्हणतात, येताना घरची ओढ विमानालाही असते. मी मुलांना वाऱ्याचं कारण सांगतो, पण हाजींचं म्हणणं खोडत नाही.

घड्याळाचीही एक गंमत आहे. सौदी अरबचं घड्याळ आपल्या मागे अडीच तास. मुंबईहून दुपारी बाराला निघालेलं विमान तिथल्या घड्याळाप्रमाणे पावणेतीनला उतरतं. सूर्याबरोबर पश्चिमेकडे पळत राहिल्यामुळे त्या दिवशीचा दिवस सव्वादोन तासांनी लांबतो. अस्र आणि मगरिबची वेळ पुढे पुढे सरकते. रमजानमध्ये उमऱ्याला जाणाऱ्यांना हे चांगलं कळतं, कारण इफ्तारही तेवढाच लांबतो.

जहाजाची वाट वेगळी होती. जहाजाला अरबस्तानाच्या वरून जाता येत नाही. मुंबईहून एडन, तिथून बाब-अल-मंदबच्या चिंचोळ्या तोंडातून तांबडा समुद्र, मग उत्तरेकडे जेद्दा. ही वाट सुमारे ४,३०० किलोमीटरची. या सामुद्रधुनीच्या नावाचा अर्थ आहे आक्रोशाचा दरवाजा. जुन्या खलाशांनी ते उगाच ठेवलं नसावं.

पण शिडाच्या जहाजांच्या काळात किलोमीटरला काही किंमत नव्हती. किंमत होती ती वाऱ्याला. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरची बंदरं बंद. तांबड्या समुद्राकडे निघायचं ते हिवाळ्याच्या शेवटी, ईशान्येकडचा वारा असताना. परत यायचं ते पावसाळ्याचा जोर ओसरताना. आपण ज्याला मौसमी वारे म्हणतो त्यातला 'मौसम' हा अरबी शब्द. इंग्रजीतला 'मान्सून'ही तिथूनच आला. अरबीत 'मौसिम' म्हणजे ठरलेली वेळ, हंगाम, आणि हजच्या हंगामालाही तोच शब्द वापरतात. अडचण अशी की हे दोन मौसम एकमेकांशी जुळत नाहीत. वारा सूर्याच्या वर्षाने चालतो आणि हज चंद्राच्या. चंद्राचं वर्ष अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे हज दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. कधी वारा आणि हज जुळून यायचे. कधी हाजी हजच्या सात-आठ महिने आधी पोहोचायचा आणि मक्केत बसून राहायचा. समुद्रावरचा काळ महिनाभराचा, पण घरातून बाहेर राहण्याचा काळ वर्षाचा.

आमच्या भागातून तेव्हा वाट कोणती होती? आज आपल्याला मुंबईशिवाय दुसरं नाव सुचत नाही. पण बहमनी, निजामशाही, आदिलशाहीच्या काळात मुंबईला कोण विचारत होतं! दख्खनचे दरवाजे होते चौल आणि दाभोळ. चौल निजामशाहीचं, दाभोळ आधी बहमनींचं आणि मग आदिलशाहीचं. महमूद गवान इराणातून आला तो १४५३च्या सुमारास दाभोळलाच उतरला आणि तिथून बिदरला गेला. आमच्या शेजारचा परांड्याचा किल्ला त्यानेच बांधला असं सांगतात. म्हणजे ज्या घाटवाटांनी अरबी घोडे आणि इराणी माणसं वर आली, त्याच वाटांनी दख्खनचे हाजी खाली उतरले.

दाभोळला खाडीच्या काठावर एक देखणी मशीद आहे. तिची गोष्ट जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे. विजापूरची शहजादी आयेशाबी मक्केला जायला म्हणून १६५९-६०च्या सुमारास मोठा लवाजमा आणि खजिना घेऊन दाभोळला आली. पण समुद्रावर चाच्यांचं भय इतकं होतं की जहाज निघू शकलं नाही. मग हजसाठी आणलेल्या पैशातून तिने मशीद बांधली. ही आख्यायिका आहे आणि तिच्यातला तपशील मी शपथेवर सांगणार नाही. पण बंदरापर्यंत येऊन, समोर समुद्र दिसत असताना, पैसा असूनही जाता न येणं ही गोष्ट त्या काळाला धरूनच आहे.

कारण तोपर्यंत दीडशे वर्षं समुद्रावर पोर्तुगीजांचा परवाना चालत होता. 'कार्ताझ' म्हणत त्याला. कोणतं जहाज, किती माल, कुठून कुठे, हे सगळं त्यात लिहिलेलं. कार्ताझ नसेल तर जहाज पकडायचं किंवा बुडवायचं. अकबराच्या दरबारातला इतिहासकार बदायुनी सांगतो की मखदूम-उल-मुल्क या मोठ्या आलिमांनी असा फतवा दिला होता की हिंदुस्तानातल्या मुसलमानांवर आता हज फर्ज राहिला नाही. का? तर खुश्कीची वाट शिया इराणमधून जाते, आणि समुद्राच्या वाटेला जो परवाना लागतो त्यावर मरियम आणि ईसा यांची चित्रं असतात. पुढे अकबराची मर्जी फिरली आणि त्याने याच मखदूम-उल-मुल्कना मक्केला पाठवून दिलं. बदायुनीला असल्या गोष्टी लिहायला फार आवडायचं.

बाबराची मुलगी गुलबदन बेगम १५७५ मध्ये फतेहपूर सिक्रीहून निघाली. बरोबर शाही घराण्यातल्या स्त्रिया. शहेनशहाची आत्या, पण पोर्तुगीज पासासाठी तिला सुरतेत जवळपास वर्षभर थांबावं लागलं. १५७६ मध्ये जहाज सुटलं. येताना एडनजवळ जहाज फुटलं आणि तिथे बरेच महिने काढावे लागले. ती घरी परतली १५८२ मध्ये. साडेसहा वर्षं. आणि या स्त्रियांची एकूण समुद्रयात्रा काही आठवड्यांचीच असणार. बाकीचा सगळा काळ कुणाच्या तरी परवानगीची, कुणाच्या तरी वाऱ्याची वाट बघण्यात गेला.

आणखी एक प्रसंग आमच्या अंगणातला म्हणता येईल. १६९५ मध्ये 'गंज-ए-सवाई' हे औरंगजेबाचं प्रचंड जहाज हाजींना घेऊन सुरतेकडे परत येत असताना हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटलं. जहाजावरच्या स्त्रियांवर अत्याचार झाले. त्या वर्षी बादशहाची छावणी दिल्लीत नव्हती, भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला होती, मंगळवेढ्याजवळ. सुरतेतल्या इंग्रजांना या लुटीपायी कैदेत टाकण्याचे हुकूम निघाले. हाजींच्या जहाजाला संरक्षण देणं ही युरोपीय कंपन्यांची जबाबदारी व्हावी, असा आग्रह त्यानंतर धरला गेला.

एकोणिसाव्या शतकात आगबोट आली आणि वाऱ्याची गुलामी संपली. मुंबई हे हजचं मोठं बंदर झालं. १८७७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीला लोक पुढे मुगल लाइन म्हणूनच ओळखू लागले. आता गरीब माणूसही निघू शकत होता, आणि तो निघालाही. जाण्यापुरते पैसे जमवायचे, येण्याचं अल्लाह बघेल, असं म्हणून. जेद्दाच्या किनाऱ्यावर परतीचं भाडं नसलेले हिंदुस्तानी हाजी अडकून पडू लागले. सरकारने १८८६ मध्ये चक्क थॉमस कुक या सहलीवाल्या कंपनीला हजच्या व्यवस्थेचं काम दिलं. युरोपातल्या साहेबांना इजिप्तची सहल घडवणारी कंपनी मराठवाड्या-बंगालच्या शेतकऱ्याला मक्केचं तिकीट विकू लागली! सात-आठ वर्षांत तो प्रयोग आटोपला. पुढे परतीचं तिकीट किंवा तेवढी ठेव सक्तीची झाली.

आगबोट नऊ-दहा दिवसांत पोहोचू शकत होती. ताशी अकरा नॉट म्हणजे वीस किलोमीटर, चांगल्या सायकलस्वाराचा वेग. पण वाटेत आणखी एक दरवाजा उभा राहिला. १८६५ मध्ये हजच्या गर्दीत पटकी पसरली, हजारो माणसं मेली, आणि परतणाऱ्या हाजींबरोबर ती इजिप्त, युरोपपर्यंत गेली. पुढच्याच वर्षी इस्तंबूलला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि बोट ठेवलं गेलं ते हिंदुस्तानातून येणाऱ्या हाजींवर. १८८२ पासून येमेनच्या किनाऱ्याजवळच्या कमरान बेटावर क्वारंटाइन सुरू झालं. दक्षिणेकडून येणाऱ्या प्रत्येक हज जहाजाने तिथे थांबायचं. माणसांनी आंघोळी करायच्या, कपडे वाफेच्या भट्टीत घालायचे, जहाजावर रोगी असेल तर दिवसच्या दिवस तिथेच पडून राहायचं, आणि वर त्याची फी भरायची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चाललं. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा पुढच्या वर्षी मुंबईहून हजला जाणंच बंद केलं गेलं. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे भारतातून कुणालाही हजला जाता आलं नाही, तेव्हा अनेकांना वाटलं की असं पहिल्यांदाच घडतंय. गावातल्या जुन्या माणसांच्या तोंडी मात्र 'कारंटीन' हा शब्द आधीपासून होता.

ईटच्या हाजीला तर समुद्राच्याही आधी एक सरहद्द होती. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात आणि बार्शी ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात. इकडे हाली सिक्का चालायचा, तिकडे कलदार. सात हाली रुपये दिले की साधारण सहा कलदार मिळायचे. म्हणजे मक्केला निघालेल्या माणसाची पहिली नाणेबदली जेद्दाला होत नसे, बार्शीला होत असे. तिथून कॅलथ्रॉप साहेबाची बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी रुळांची, १८९७ मध्ये सुरू झालेली. ती कुर्डुवाडीला नेऊन सोडायची. मग मोठ्या गाडीने मुंबई. तिथे साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात जागा मिळाली तर मिळाली.

माझे नाना ऐंशीच्या दशकात जहाजाने गेले, तेव्हाही बार्शी-कुर्डुवाडी तीच छोटी गाडी होती. मी तेव्हा फार लहान होतो. जे आठवतं त्यात स्वतःचं किती आणि अम्मीने सांगितलेलं किती, हे आता वेगळं काढता येत नाही. निघण्याआधी महिनाभर नाना गावभर फिरले. कुणाचं देणं राहिलं असेल ते फेडलं. बांधावरून ज्यांच्याशी वाद होता त्या पाटलांच्या घरी जाऊन "कहा-सुना माफ करा" म्हणाले. पाटलांच्या म्हाताऱ्या आईने त्यांच्या हातावर अकरा रुपये ठेवले आणि "तिथं आमच्यासाठी बी माग" म्हणून सांगितलं. माणूस परत येईल याची खात्री कुणालाच नसे, म्हणून निरोप पुरता घेतला जायचा. जाऊन येऊन अडीच महिने लागले.

नाना जहाजाबद्दल जेवढं बोलायचे तेवढं मक्केबद्दल बोलत नसत. पहिले तीन दिवस उलट्या. मग डेकवर नमाजच्या रांगा, कोकणातले, केरळचे, बिहारचे लोक. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांना कुणीतरी मौलवी रोज असरनंतर हजचे अरकान शिकवायचा. तवाफ कसा, सई कशी, कुठे काय म्हणायचं. नाना दुसरी शिकलेले. ते म्हणायचे, "मी हज जहाजावर शिकलो, तिथं जाऊन फक्त केला." यलमलमच्या समोर जहाज आलं की भोंगा वाजायचा आणि सगळे इहराम बांधायचे. यलमलम हे दक्षिणेकडून येणाऱ्यांचं मीकात, म्हणजे जिथून इहरामशिवाय पुढे जायचं नाही ती हद्द.

इथे एका शब्दाचं सांगितल्याशिवाय माझ्यातल्या मास्तराला राहवत नाही. कच्छ-कोकणच्या जुन्या गलबतांवर दिशा दाखवणाऱ्याला मालिम म्हणत. हा शब्द अरबी 'मुअल्लिम'पासून आला. मक्केत हाजींची व्यवस्था बघणारा तोही मुअल्लिम. आणि शाळेत शिकवणारा माझ्यासारखा, तोही मुअल्लिमच. तिघांचं काम एकच, वाट दाखवणं. नानांना पहिले दोन मुअल्लिम एकाच प्रवासात भेटले. आजच्या हाजीला जहाजाचा मालिम दिसतही नाही, तो बंद दाराआड कॉकपिटमध्ये बसलेला असतो.

विमानांनी हळूहळू जहाजांची जागा घेतली. आधी श्रीमंतांसाठी, सत्तरच्या दशकापासून इतरांसाठीही. विमानाचं भाडं जहाजापेक्षा जास्त, म्हणून सरकारने फरकाची रक्कम द्यायला सुरुवात केली, तीच पुढे गाजलेली हज सबसिडी. १९९५ मध्ये मुंबई-जेद्दा जहाज कायमचं बंद झालं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही सबसिडी दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं आणि सरकारने २०१८ मध्येच ती संपवली. त्या सबसिडीवरून आम्हाला टोमणे भरपूर ऐकावे लागले. तिची सुरुवात जहाजापासून झाली हे मात्र टोमणे मारणाऱ्यांना माहीत नसतं आणि आमच्यातल्याही बऱ्याच जणांना नसतं. आमच्यातल्या अनेकांनीच ती नको म्हणून सांगितलं होतं, हेही नोंदवून ठेवतो.

जेद्दाला उतरल्यावर हाजी ज्या छताखाली येतो त्याबद्दलही थोडं सांगायला हवं. १९८१ मध्ये सुरू झालेल्या विमानतळाचं हज टर्मिनल म्हणजे कापडी तंबूंचं रान आहे. काचतंतूच्या कापडाचे २१० तंबू, पोलादी खांबांवर दोरांनी ताणलेले. बाजू उघड्या, वाळवंटातला उन्हाळा असूनही खाली सावली आणि वारा. ही रचना उभी करणारे अभियंते होते फजलुर रहमान खान, ढाक्याकडचे, शिकागोचा सिअर्स टॉवर बांधणारे. १९८२ मध्ये त्यांचा मृत्यू जेद्दातच झाला. पुढच्या वर्षी या टर्मिनलला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे चित्र दाखवतो. जेद्दाहून मक्का पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. उंटांच्या काफिल्याला बहरामध्ये मुक्काम करत दोन रात्री लागत. आता बस तासा-दीड तासात नेते, आणि २०१८ पासून हरमैन रेल्वे आहे, तिला त्याहून कमी.

म्हणजे आता वाटेत कुणीच उभं नाही? वारा नाही, कार्ताझ नाही, कमरान नाही. मलाही तसंच वाटत होतं. मग २०२३ साल आलं.

मराठवाड्यातल्या लोकांसाठी औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाणा विमानतळावरून हजची विमानं सुटायची. कोरोनानंतर ती सोय बंद झाली होती, २०२३ मध्ये ती परत मिळाली. आनंद झाला. ईटहून औरंगाबाद बीडमार्गे चार-पाच तास, नातेवाईक सोडायला येऊ शकतात, म्हाताऱ्या माणसांचे हाल वाचतात. मग रकमा जाहीर झाल्या. मुंबईहून जाणाऱ्याला एकूण सुमारे ३ लाख ५ हजार रुपये. औरंगाबादहून जाणाऱ्याला सुमारे ३ लाख ९३ हजार. माणशी ८८ हजारांचा फरक. नवरा-बायको जाणार असतील तर पावणेदोन लाखांहून जास्त.

मी तेव्हा अंतर मोजलं होतं. औरंगाबाद ते जेद्दा सुमारे ३,७६५ किलोमीटर. मुंबईपेक्षा २४५ किलोमीटर जास्त. विमानाला वीस मिनिटं फार तर. ८८ हजारांना २४५ने भागलं तर किलोमीटरला साधारण ३६० रुपये पडतात. आमच्याकडचा रिक्षावाला एवढे मागायला लाजेल.

कारणं सांगितली गेली आणि ती अगदीच खोटी नाहीत. हजचं विमान नेहमीच्या विमानासारखं दोन्हीकडून भरून चालत नाही. जाताना हाजी घेऊन जातं आणि रिकामं परत येतं. दीड महिन्याने रिकामं जातं आणि हाजी घेऊन येतं. म्हणजे एका माणसाच्या जाण्या-येण्याच्या तिकिटात विमानाच्या दोन फेऱ्या असतात. मुंबईत हजारो हाजी असल्याने मोठी विमानं भरतात आणि खर्च वाटला जातो. लहान विमानतळावर हाजी कमी, विमान लहान, बोली लावणाऱ्या कंपन्या कमी, मग भाडं वाढतं. हे फक्त आमचंच नाही. केरळमध्ये २०२४ला कोळिकोडहून जाणाऱ्यांना कोची आणि कन्नूरपेक्षा कितीतरी जास्त भाडं लागलं होतं. २०२०च्या अपघातानंतर तिथे मोठ्या विमानांना परवानगी नाही, हे त्यामागचं एक कारण. तिथे ओरड झाली आणि रक्कम काही प्रमाणात कमी करून घेतली गेली. आमच्याकडेही आवाज उठला, लोकप्रतिनिधी बोलले. पण ज्यांचा नंबर लागला होता त्यांच्याकडे वेळ थोडा होता. ज्यांना जमलं त्यांनी मुंबई निवडली.

अम्मी त्याच वर्षी गेली. आम्हीही मुंबईच निवडली. रात्रीची बस, मग एक मुक्काम, मग विमान. अम्मीला नानांच्या जहाजाची गोष्ट तोंडपाठ आहे. ती म्हणाली, "अब्बांना बार्शीपर्यंत बैलगाडीनं सोडलं होतं, मला तर तुम्ही गादीवर झोपवून नेताय." इहराम मुंबईतच बांधला, कारण विमान मीकातवरून कधी गेलं ते कळायच्या आत मागे पडतं. उतरण्याच्या अर्ध्या तासाआधी घोषणा होते, पण त्या गडबडीत छोट्याशा न्हाणीघरात कपडे बदलणं म्हाताऱ्या माणसांच्या आवाक्यातलं नसतं. जहाजाने शिकवलेलं सगळं तिला इथेच, तालुक्याच्या एका दिवसाच्या शिबिरात शिकावं लागलं. बाकीचं मी मोबाईलवर व्हिडिओ लावून शिकवलं.

मक्केतली एक गोष्ट राहिली. तिथे हैदराबादच्या निजामांची रुबात आहे, म्हणजे हाजींसाठी वक्फ केलेली राहण्याची जागा. तिच्यावर हक्क आहे तो जुन्या हैदराबाद संस्थानातल्या लोकांचा. तेलंगणाचे जिल्हे, कर्नाटकातले बिदर, गुलबर्गा, रायचूर, आणि आपला मराठवाडा. चिठ्ठीत नाव निघालं तर राहण्याचं भाडं लागत नाही. संस्थान १९४८ मध्ये संपलं, १९५६ मध्ये त्याचे तीन तुकडे झाले, जिल्ह्याचं उस्मानाबाद नाव जाऊन धाराशिव झालं. पण त्या एका इमारतीच्या दारात बिदर, वरंगल आणि ईटचा माणूस अजून एकाच मुलखाचे आहेत.

परवा ते गुडघेवाले चाचा कागदपत्रं घेऊन परत आले. अर्जात विमानतळाचे दोन पर्याय लिहावे लागतात, पहिला आणि दुसरा. मी विचारलं, पहिला कोणता टाकू? त्यांनी आधी दोन्हीकडचे पैसे विचारले. या वर्षीचे आकडे अजून आले नव्हते, म्हणून मी मागचे सांगितले. ते थोडा वेळ बोटांवर मोजत बसले. मग म्हणाले, "मुंबईच टाका." मी म्हटलं, चाचा, बसमध्ये रात्रभर गुडघ्यांचं काय? ते म्हणाले, "बसचं बरं असतं मास्तर. ढाब्यावर थांबते, तिथं उतरून पाय मोकळे करता येतात."